मत सांगून जा

आमच्या घरमालकीणबाई माणसाचं मत त्याचं मनगट धरून ऐकत असत. दोन बोटं नाडीवर, नजर पदराला टाचलेल्या घड्याळावर, आणि तोंडानं एवढंच, "हं, बोल." समोरचा बोलायला लागला की त्यांचे डोळे बारीक होत. माणूस दुसऱ्याचं ऐकलेलं बोलत असेल, किंवा त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत असेल, तर त्या मनगट सोडून देत. "खोटं हाय. पुन्हा सांग." हे नाडीवरून खरंच कळत होतं की नुसतं तोंडाकडं बघून, ते मला कधी समजलं नाही. पण त्यांची चूक झालेली मी फारशी पाहिली नाही.

सारी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. उमरग्याच्या पलीकडं, जिथं माणसं निम्मी मराठी आणि निम्मी कानडी बोलतात, तिथल्या लिंगायत घरातल्या त्या. तिकडं आईला अव्वा म्हणतात. उमेदीचा सारा काळ त्यांनी सोलापूरला मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून काढला होता. उतारवयात धाराशिवला येऊन भावाचं रिकामं पडलेलं घर त्यांनी ताब्यात घेतलं, पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या आणि मागच्या सोप्यात स्वतः राहिल्या. लग्न झालं होतं की नव्हतं हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, आणि विचारायची छाती कुणाची नव्हती. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर कडक धुतलेलं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. अशा त्या सकाळी दारात उभ्या राहिल्या की शेणाची पाटी घेऊन जाणारी बाईसुद्धा पदर सारखा करून पुढं जायची.

मी बार्शीची. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, आणि धाराशिव निजामाचं. लग्नानंतर यजमानांना इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. तो बेचाळीस-त्रेचाळीसचा सुमार असेल. जागा बघायला गेलो तेव्हा अव्वांनी यजमानांना काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, "जीभ दाखव."

मी दाखवली.

"वाचता येतं?"

"येतं."

"वाचल्यावर काय वाटलं ते सांगता येतं?"

मी यजमानांकडं पाहिलं.

"त्याच्याकडं बघू नगंस. तुला विचारते मी."

"येईल," मी म्हणाले.

"मग आणा सामान."

त्या घरात सगळं उकळलं जायचं. पाणी तर उकळायचंच, पण कात्री, सुया, कंगवे, पोरांची खेळणीसुद्धा. एकदा यजमान दाढीचा वस्तरा ओट्यावर विसरले, तोही उकळून निघाला. कुणी शिंकलं की अव्वा सोप्यातून ओरडायच्या, "कोण ते? तोंडावर हात धर!" एखादी गोष्ट पटली नाही की म्हणायच्या, "बेड, बेड!" बेड म्हणजे त्यांच्या कानडीत 'नको'. हा बेड त्यांनी एकदा उच्चारला की मग ती गोष्ट त्या घरात होत नसे.

त्यांच्याकडं एक इंग्रजी कादंबरी होती. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळं तिचं नाव काय आणि ती कुणी लिहिली हे कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यातली एक मडम डॉक्टर विलायतेला परत जाताना अव्वांना म्हणाली, आठवण म्हणून काय देऊ? अव्वांनी हे पुस्तक मागितलं.

"का म्हणून?" मी एकदा विचारलं.

"दुपारची सुट्टी झाली की ती हे घेऊन बसायची. वाचता वाचता रडायची. मी विचारलं, काय झालं, तर म्हणायची, काही नाही. लई वर्सं असंच. अगं, रडतीस तर कशासाठी ते सांग की! काही नाही म्हणजे काय?" त्या अजूनही चिडलेल्या होत्या. "तवाच ठरवलं. हे पुस्तक मी वाचणार, अन् जी जी ऐकंल तिला काय वाटलं ते सांगाय लावणार."

अव्वांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवर आणि तापाच्या तक्त्यांवर शिकलेलं. एक जाडजूड कोश मांडीशी घेऊन त्या वाचायच्या आणि तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगायच्या. अडलं तर लपवायच्या नाहीत. "इथं एक झाड हाय. कसलं ते कळंना. पुढं चला."

दुपारी जेवणं उरकली की मागच्या सोप्यात आम्ही बायका जमायचो. शेजारच्या काकू यायच्या. त्यांचे यजमान कचेरीत कारकून होते. पोलीस जमादाराची बायको रहीमाबी यायची आणि खांबाला टेकून सुपारी कातरत बसायची. आणि गावाबाहेर तेरच्या वाटेला जिचं रान होतं ती शेवंता दूध घालायला यायची, ती घागर शेजारी ठेवून बसायची. शेवंताचा नवरा आदल्या साली तापानं गेला होता. मांडीवर तिचं लहान पोर असायचं, ते बहुतेक झोपलेलं.

कादंबरी अमेरिकेतली, जुन्या काळातली. त्यांच्या आपसातल्या लढाईत हॅना नावाच्या बाईचा नवरा मेलेला. पदरी एक लेकरू, माळावर तिचं एकटीचं घर, थोडी जमीन आणि एक झरा. शेजारी एक मोठा गुरांचा मालक, त्याला तो झरा हवा. अशात ल्यूक नावाचा माणूस दुसऱ्यांची गुरं हाकत उत्तरेकडं निघालेला, तो तिच्या दारी पाणी मागायला येतो. आमच्या बायकांनी हॅनाची हनाबाई केली, ल्यूकचा लुकाजी केला आणि त्या गुरांच्या मालकाला सगळ्या सरसकट पाटील म्हणायला लागल्या. अव्वा मात्र वाचताना नावं जशीच्या तशी घ्यायच्या. "नाव बदललं की माणूस बदलतं," म्हणायच्या.

प्रकरण संपलं की मनगटं. पहिल्या दिवशी माझं मनगट धरलं तेव्हा मी म्हणाले, "छान आहे."

"छान म्हणजे काय? गाठ हाय का सूज हाय? कुठं दुखलं ते सांग."

त्या दिवसापासून अव्वांच्या घरात 'छान' म्हणायला बंदी झाली. 'बरी आहे'लाही. आणि मत दिल्याशिवाय उठायचं नाही. काकूंच्या चुलीवर दूध असलं तरी नाही. "मत सांगून जा," एवढंच अव्वा म्हणायच्या आणि दाराच्या बाजूला स्टूल ओढून बसायच्या.

मी तोवर चार पुस्तकं वाचलेली होती, पण वाचून मिटवून ठेवायची एवढंच मला ठाऊक होतं. त्या सोप्यात मला पहिल्यांदा कळलं की गोष्ट ऐकून आपल्याला राग येतो, आणि तो कुणाचा येतो हे सांगायला धीर लागतो.

एका दुपारी ल्यूकनं हॅनाचं चुंबन घेतलं. अव्वांनी ते जखमेवर पट्टी बांधल्यासारखं सांगितलं. "त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं अन् तिच्या ओठांवर ओठ ठेवले. तिनं डोळे मिटले."

काकू ताडकन म्हणाल्या, "वगळा की हो ते!"

"वगळायला मी कोण? लिहिणारानं लिहिलंय. तुम्ही मत सांगा." आणि काकूंचं मनगट धरलं.

काकूंचा चेहरा लालेलाल झाला.  मग अगदी मनापासून म्हणाल्या, "तो सहा महिने गुरांमागं हिंडतोय. तोंड धुतलं होतं का त्यानं?"

आम्ही पोट धरून हसलो. अव्वा हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उजळला होता. "हे मत! नाडी बघा कशी सरळ चालतीय. काकू, हे तुमचं स्वतःचं हाय."

रहीमाबीला ल्यूक आवडायचा नाही. "वो मर्द बोलताच नै," ती म्हणायची. "बोलताच नै तो उसके दिल में क्या हय, वो औरत कू कैसा मालूम? मेरा आदमी बी नै बोलता. मेरे कू तो अब तक नै मालूम." हे बोलताना तिचा अडकित्ता थांबायचा.

शेवंता त्या गुरं हाकणाऱ्याविषयी काही ऐकलं की गालात हसायची. तिचं मत फार कोरडं असायचं. "गुरं राखाय घोडा कशाला? पायानं चालंल तर गुराचा खूर दुखतो का न्हाय ते तरी कळंल." पण हॅनाविषयी बोलायची वेळ आली की "म्या काय सांगू," म्हणून पोराच्या अंगावरचं फडकं सारखं करत बसायची. अव्वा तिला सोडायच्या नाहीत. पण ओरडायच्याही नाहीत. मनगट हातात ठेवून गप्प बसायच्या, आणि ती काहीतरी बोलली की मगच सोडायच्या.

पुढं निजामी गेली, आम्ही बार्शीला परतलो, अव्वा गेल्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं. आज त्यांची आठवण निघाली की लोक उकळलेल्या वस्तऱ्याची गोष्ट सांगतात. मला मात्र कादंबरीचा शेवट वाचला तो दिवस आणि त्यातून जे पुढं उपटलं ते आठवतं.

शेवट असा होता. तो पाटील माणसं घेऊन येतो, ल्यूक त्याला अडवतो, जखमी होतो. हॅना त्याची शुश्रूषा करते. शेवटी ती झरा, घर, जमीन सगळं टाकून, लेकराला पुढ्यात घेऊन ल्यूकच्या मागं घोड्यावर बसते आणि दोघं मावळतीकडं निघून जातात.

अव्वांनी पुस्तक मिटलं.  मग काकू म्हणाल्या, तिनं जायला नको होतं, नवऱ्याचं नाव बुडालं. रहीमाबी डोळे पुसत म्हणाली, "अच्छा हुआ, गई. जान छूटी उसकी." मी म्हणाले की त्या पाटलाला झरा फुकट मिळाला, ते मला सहन होत नाही. अव्वांनी माझं मनगट सोडलं आणि शेवंताचं धरलं.

ती खाली बघत होती. नेहमीसारखं "म्या काय सांगू" म्हणाली नाही.

"तिला कुणी इचारलं होतं का, रान सोडून चल म्हणून?" ती म्हणाली. "त्यो बी तसं म्हणला न्हाय. तिनं आपल्याच मनानं ठरवलं का जायाचं म्हंजे बाईनं जायाचं. अव्वा, त्यो तर रिकामाच व्हता. ना घर, ना रान. त्योच तिच्या रानात येऊन ऱ्हायला असता की! त्याला कुणी इचारलंच न्हाय."

 अव्वांनी मनगट सोडलं नाही.

"तू विचारणार हैस का?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा आम्हाला कळलं. येरमाळ्याकडचा मारुती म्हणून एक माणूस होता. व्यापाऱ्यांची गुरं तो या बाजारातून त्या बाजाराला हाकत न्यायचा. शेवंताच्या विहिरीवर गुरं पाजायला थांबायचा. तिनं पाट लावून, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून, आपल्याबरोबर यावं असं त्यानं तिला विचारलं होतं. तिच्या माणसांत पाट लावायला ना नव्हती. पण पाट लावून गेलेल्या बाईचं पोर सासरीच राहायचं, आणि पोराबरोबर त्याच्या नावाचं रान दिराच्या हाती जायचं. ती महिनोन्महिने हे मनात घेऊन आमच्यात बसत होती.

"इचारते," शेवंता म्हणाली.

आणि तिनं विचारलं. मारुती हो म्हणाला. देवाच्या पाया पडून त्यांनी पाट लावला आणि तो तिच्या रानातल्या खोपटात राहायला आला.

गल्लीत गोष्ट फुटायला किती वेळ लागतो! इंग्रजी पुस्तक वाचून बाई बिघडली, अव्वांनी बिघडवली, असं झालं. शेवंताचा दीर गरीब माणूस होता, पण संतापलेला होता, आणि त्याला कुणीतरी शहाणपण शिकवलं. त्यानं पोलिसात वर्दी दिली की या घरात बायका जमवून इंग्रजी किताब वाचतात आणि सरकारविरुद्ध बोलणं होतं. चार माणसं जमायची तर परवानगी लागायची असे ते दिवस. अशी वर्दी कुणी हसण्यावारी नेत नसे.

पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब शिपाई घेऊन दुपारी आले. बरोबर जमादार होते, आणि सोप्यात त्यांचीच बायको सुपारी कातरत बसलेली. जमादारांनी एकदम भिंतीवरच्या पालीकडं नजर लावली. अमीनांनी विचारलं, "किताब कहाँ है?"

अव्वांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "घ्या. पण वाचून मत सांगाय लागंल."

"ये ज़ब्त है."

"असू द्या. मत न देता हे पुस्तक कुणी ठेवून घेत न्हाय."

अमीनांना वाटलं म्हातारी थट्टा करते. तसं नव्हतं. पुस्तक तहसीलच्या कचेरीत गेलं, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी अव्वा छत्री घेऊन कचेरीत हजर झाल्या. सोबतीला मी होते. यजमान नको म्हणाले, तरी मी गेले. अव्वा बाहेरच्या बाकावर बसल्या. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. अव्वा म्हणाल्या, बसते. संध्याकाळी तहसीलदार बाहेर पडताना त्यांनी वाट अडवली.

"वाचलं का?"

ते वयस्क गृहस्थ हैदराबादेकडचे, सभ्य. "फ़ुर्सत नहीं मिली, अम्मा."

"बरं. पुढल्या बाजाराला येते."

पुढल्या बाजाराला गेल्या. त्याच्या पुढल्याही. पाऊस असला तरी गेल्या, अंगात कणकण असली तरी गेल्या. कचेरीतले लोक आधी हसले, मग वैतागले, मग त्यांच्यासाठी बाकाची एक बाजू रिकामी ठेवायला लागले. अव्वा पुस्तक परत मागत नव्हत्या, हीच तहसीलदारांची अडचण झाली. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. त्या फक्त विचारायच्या, "कितवं पान?"

इकडं सोप्यात बायका यायच्या बंद झाल्या होत्या. काकूंना घरून मनाई झाली. रहीमाबी एकटी, मागच्या दारानं यायची. मी एकदा म्हणाले, "अव्वा, आता सोडून द्या. दुसरं पुस्तक आणू बार्शीहून."

"बेड!" त्या म्हणाल्या. "पुस्तक गेल्याचं मला काय न्हाय. पण न वाचता वाईट म्हणलेत ते. हे मी चालू देणार न्हाय."

एका बाजाराच्या दिवशी तहसीलदारांनीच आम्हाला आत बोलावलं. पुस्तक टेबलावर होतं, मधे कागदाच्या खुणा घातलेल्या. त्यांनी खुर्ची दिली. अव्वा बसल्या आणि सरळ हात पुढं केला. तहसीलदारांनी आधी त्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, "मनगट." कसं कोण जाणे, त्यांनी बाही सारून मनगट पुढं केलं.

"किताब में सरकार के ख़िलाफ़ कुछ नहीं है," ते म्हणाले.

"ते मला ठाऊक हाय. तुम्हाला काय वाटलं?"

ते विचार करून बोलू लागले. "वो बड़ा ज़मींदार. सब उसको बुरा बोलते हैं. मगर पूरी किताब में उसकी बात किसी ने सुनी नहीं. उसको पानी क्यों चाहिए, उसके जानवर प्यासे थे कि नहीं, कुछ नहीं लिखा. मैं रोज़ मुक़दमे सुनता हूँ, अम्मा. एक ही तरफ़ की सुनूँ तो इंसाफ़ नहीं होता. लिखने वाले ने इंसाफ़ नहीं किया."

 अव्वांनी मनगट हळूच खाली ठेवलं. "हे कुणी म्हणलं न्हाय आजवर. मीसुद्धा न्हाय." त्या जरा खजील झाल्यासारख्या दिसल्या, आणि तसं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. पुस्तक उचलून उठताना त्यांनी विचारलं, "त्या शेवंताच्या रानाचं काय?"

"काग़ज़ पर बच्चे का नाम है. माँ उसके पास है, वो बो सकती है. मगर झगड़ा हुआ तो सरकार हर खेत के किनारे आकर नहीं खड़ी रहेगी."

"मग मी उभी राहते," अव्वा म्हणाल्या.

पण घरी न जाता त्या आधी दिराकडं गेल्या. "ऐकायला आले," म्हणाल्या. त्यानं बसायला घोंगडी टाकली, पण स्वतः उभाच राहिला. खूप बोलला. आम्ही दोघा भावांनी त्या रानातले धोंडे मिळून वेचले. परका माणूस बांधाला आला की उद्या बांध सरकणार. पोर मोठं होईपर्यंत रान त्याच्या नावावर राहील कशावरून? अव्वांनी मधे एक शब्द काढला नाही. तो थांबल्यावर त्यांनी हात पुढं केला, तेव्हा त्यानं आपला हात झटकन मागं घेतला.

"तुझं सारं ऐकलं," अव्वा म्हणाल्या. "धोंडे येचलेस ते खरं हाय. पण रान तुझं न्हाय, अन् अजून तू खरं ते बोलला न्हाईस."

"पेरणी करू देणार न्हाय म्या," तो म्हणाला.

हस्ताचा पाऊस सरला आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी आली. ज्या सकाळी शेवंताची तिफण निघायची होती, त्या सकाळी अव्वा बैलगाडीत स्टूल आणि छत्री घालून रानात गेल्या. मी होते, रहीमाबी बुरखा घेऊन आली होती. अव्वांनी वाटेच्या तोंडाशी, बांधावर, स्टूल मांडलं आणि बसल्या.

मारुतीला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, काळासावळा, कमी बोलणारा. मागून आणलेली बैलजोडी त्यानं तिफणीला जुंपली. शेवंता ओटीत बी घेऊन चाड्यावर, तिफणीच्या बी सोडायच्या वाटीवर, आली. पोर बाभळीखाली झोळीत होतं.

पहिलं तास निघालं तसा दीर आला. मागं दोन भाऊबंद, हातात काठ्या. तो वाटेच्या तोंडाशी आला आणि अव्वांपुढं थांबला.

"अव्वा, उठा. तुमचा काय संबंध न्हाय."

"तिफण आडवायची तर हितनं जावं लागंल. मला उचल अन् जा."

भाऊबंद एकमेकांकडं बघायला लागले. म्हाताऱ्या बाईला हात कोण लावणार? एकजण बांधाच्या दुसऱ्या बाजूनं जायला निघाला, तर तिथं रहीमाबी जाऊन उभी राहिली. जमादाराची बायको आहे हे त्याला ठाऊक होतं. तो परत आला.

तिकडं तिफण चाललीच होती. शेवंताची मूठ चाड्यावरून हलत नव्हती, पण तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मला लांबूनही दिसत होता. मारुतीनं एकदा बैल थांबवले. तिनं त्याला काहीतरी म्हटलं आणि बैल पुन्हा चालू लागले.

दीर ते बघत होता. बघता बघता त्याच्या हातातली काठी खाली आली.

"ती बघा!" तो एकदम ओरडला, आणि आवाज फाटला. "माझा भाऊ चालवायचा तिफण. ह्याच तासानं. म्या त्याच्या मागं असायचो. त्याच्या जागी त्यो उभा हाय अव्वा, ते मला बघवत न्हाय!"

अव्वांनी छत्री बाजूला ठेवली. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"मग बघू नगंस, लेका. कोण म्हणतं बघ म्हणून? पाठ कर अन् बस हितं."

 भाऊबंदांना त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं. ते गेले. तो बांधावर अव्वांच्या शेजारी खाली बसला, रानाकडं पाठ करून, तोंड वाटेकडं. अव्वांनी छत्री उचलून त्याच्या डोक्यावर धरली.  मागं तिफण जात होती, येत होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज जवळ आला की त्याची मान जराशी ताठ व्हायची आणि लांब गेला की सैल पडायची.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बैल सोडले. शेवंतानं बाभळीखाली भाकरी सोडली. आधी ती बांधावर आली. एका भाकरीवर चटणी आणि कांदा ठेवून तिनं हात दिराच्या खांद्यावरून पुढं केला. 

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पण दोन्ही हात वर करून भाकरी घेतली, आणि तिथंच बसून खाल्ली.